एक शेगडी मंद

"मानवजातीच्या मार्गातला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे कार्बन डायऑक्साइड," असं मी गोठ्यामागे उभा राहून जाहीर केलं. समोर मानवजात म्हणून वहिनी आणि दोन म्हशी होत्या. म्हशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

खत कारखान्यात तीस वर्षं मी हा वायू द्रावणात विरघळवून वेगळा काढला. मी शाळेत असताना पहाटे उठून डबा करून देणाऱ्या वहिनीच्या गोबरगॅसमध्ये मात्र तो तसाच होता, आणि चहाला अर्धा तास लागायचा. त्या डब्यांची थोडी फेड म्हणून मी गॅस पाण्याच्या उंच नळकांड्यातून सोडला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहिला आणि ज्योत निळी, सणसणीत पेटली. चहा पाच मिनिटांत उकळला.

"भाऊजी, जन्माचं काम केलंत," वहिनी म्हणाली. खात्री करायला तिने पुन्हा आधण ठेवलं. तेही उकळलं.

दादाने कप रिकामा केला आणि चपला घालून तो लगेच बाहेर पडला. वहिनी दाराकडे बघत राहिली.

"रागावू नका, पण चहा होईस्तोवर हे इथं पाटावर बसून बोलायचे. दिवसभरात तेवढंच. एक शेगडी पहिल्यासारखी ठेवाल का?"