चहा घेऊन आलोच

शाळा बंद पडल्यावर शिक्षिका नवं काम शिकली: वडिलांसारखं कंपनीचे सर्व्हर सांभाळण्याचं, शिकवलंही त्यांनीच. सगळीकडचे नकार पचवून ती त्यांच्याच जागेसाठी मुलाखतीला आली. महिन्यापूर्वी ते वारले होते. लग्नानंतरच्या आडनावामुळे साहेबांना नातं कळलं नाही. वशिला नको म्हणून तीही गप्प राहिली. "कंपनी सोडून जाणाऱ्यांची लॉगिन खाती आधीचे गृहस्थ बंद करायचे," साहेब म्हणाले. "ते वारले आणि त्यांचंच राहून गेलं. करा बघू." स्क्रीनवर बाबांच्या फोटोखाली त्यांचाच निरोप होता: 'चहा घेऊन आलोच.' "माणूस गेला की आधी खातं बंद करायचं, मग हळहळायचं," बाबा बजावायचे. तिने खातं बंद केलं. "हात बसलाय तुमचा! सोमवारपासून या. इथे गारठा असतो, स्वेटर आणा." खुर्चीच्या पाठीवर बाबांचा तसाच होता. "आहे की," म्हणत तिने तो अंगात चढवला.