दोन नंबर, तीन नंबर

जुन्या मोटारीचं इंजिन उलटं ठेवून थोरल्याने त्यात क्रँकचा फिरता दांडा बसवला आणि तो धरून ठेवणाऱ्या बेरिंगच्या कॅप त्यांच्यावर ठोकलेल्या नंबरांप्रमाणे कसायला घेतल्या. तिसरी कॅप कसताच क्रँक जड फिरू लागला. नऊ वर्षांपूर्वी याच इंजिनाचा क्रँक जड फिरतोय, असं धाकटा भाऊ म्हणाला होता. “कस मुकाट्याने,” असं थोरल्याने दटावलं होतं. इंजिन जाम झाल्यावर चारचौघांत त्याचीच अक्कल काढली, आणि धाकट्याने गॅरेज सोडलं. आता थोरल्याने दोन आणि तीन नंबरच्या कॅपची अदलाबदल केली. क्रँक एका बोटाने फिरला. ते नंबर तेव्हा थोरल्याने स्वतःच ठोकले होते. धाकट्याला फोन लावला. “कॅपचे नंबर माझेच चुकले रे.” “माहितीय, दादा. मी तेव्हाच खोलून पाहिलं होतं.” “मग बोलला का नाहीस?” “बाबांनी शपथ घातली. म्हणाले, तू कुठेही पोट भरशील, दादाला या कामाशिवाय दुसरं काही येत नाही.”