देवाची मूठ

तानुबाईनं मूठभर मिरच्या पुढे केल्या आणि चंद्रभाननं हात मागे घेतला.

"घे ना बाप्पा. देवाची मूठ हाय."

"आता नाई घेता येत, माय. बैठकीची चिठ्ठी तेवढी फाडतो."

तानुबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. त्याच्या खांद्यावर आज पिशवीच नव्हती.

चंद्रभान कमेटीचा, म्हणजे नगरपालिकेचा, शिपाई. शुक्रवारच्या बाजारात एका हातानं बैठकीचा कर घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं बालाजीच्या देवळासाठी मूठ. मिरच्या, वांगी, जवारी, ज्याच्यापुढे जे असेल ते. "देवाले कमी अन् तुह्या बायकोले जास्त!" असं म्हणत माळणी वरून आणखी दोन वांगी टाकायच्या आणि खदखदून हसायच्या. आता तिथं सिमेंटचे ओटे झाले, पण तो बाजार आठवला की आधी ते हसणं ऐकू येतं. फार गोड दिवस होते. मूठ दिल्याशिवाय कुणाचीही सुटका नव्हती, हे मात्र त्या हसण्यात कुणाच्या ध्यानात येत नसे. बांगड्या विकणारा मुसलमान मणियारसुद्धा मुकाट्यानं द्यायचा, बिचारा.

मग सन पन्नास उजाडलं. देशाची राज्यघटना लागू झाली. अकोल्याच्या जठारपेठेतले वामनराव वकील आले आणि त्यांनी कमेटीला बजावलं, की कराच्या जोडीनं कुठल्याही देवाधर्मासाठी वसुली करता येणार नाही. शिपायानं त्या मुठीला हातसुद्धा लावायचा नाही.

चंद्रभान पिशवीविना आला त्या शुक्रवारी देवळाचे पंच केशवराव स्वतः बाजारात उतरले. पागोटं सावरत मधोमध उभे राहिले.

"कायद्यानं शिपायाचा हात धरला, तुमचा नाई धरला! ज्याले देवाले द्याचं असन, त्यानं सोता देवळात आनून द्यावं. मधात कोनाची गरज नाई."

शाब्बास, असं सगळ्यांनाच वाटलं. बायका पदर खोचून उठल्या. कुणी सुपात, कुणी ओंजळीत घेऊन देवळाकडे निघाल्या. इतकी मूठ तर चंद्रभानच्या पिशवीनंही कधी पाहिली नव्हती. मणियार आपल्या बांगड्या पुसत बसून राहिला, आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही.

बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली सुभद्रा बसली होती. मातंग वस्तीतली. शिंदीच्या पानांचे झाडायचे फडे बांधून विकायची. बांधलेला पहिला फडा ती देवासाठी वेगळा ठेवायची. आपला फडा देवाचं घर झाडतो म्हणून आपली लेकरं जगली, अशी तिची पक्की श्रद्धा. चंद्रभान त्या फड्यावर पाणी शिंपडायचा आणि मग आत नेऊन द्यायचा. पाणी शिंपडताना सुभद्रा पाहायची. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. देवळं सगळ्यांना खुली झाल्याचं तिनं ऐकलं होतं, पण ऐकणं निराळं आणि पायरी चढणं निराळं.

"मंग माहा फडा कोन नेईन?" तिनं विचारलं.

चंद्रभाननं नकारार्थी मान हलवली. त्याला फार वाईट वाटलं. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, तीही हिला.

सुभद्रा फडा उचलून देवळाकडे चालू लागली. चंद्रभान मागोमाग गेला. तिला येताना पाहून रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या.

केशवराव वरच्या पायरीवर उभे होते.

"तिथंच ठेव, सुभद्रा. चंद्रभान आनून देईन. घे रे थो फडा."

चंद्रभानचा हात सवयीनं पुढे झाला, आणि तसाच थांबला.

"मले हात लावता येत नाई, मालक. कायदा हाय."

"मंग तानुबाई, तू घे."

तानुबाईनं मिरच्यांची ओंजळ आणखी गच्च धरली. "माहे हात भरले हायत," ती म्हणाली आणि सुभद्राला वाट देत बाजूला सरकली.

आता उरले केशवराव. त्यांनी स्वतः फडा घ्यायचा तर तो सुभद्राच्या हातातून घ्यावा लागणार होता. सुभद्रा एकेक पायरी चढत वर आली. ती अगदी जवळ आली, तसे केशवराव अंग चोरून भिंतीला टेकले. दार मोकळं झालं.

ती आत गेली.

आतून कुणी ओरडेल, तिला बाहेर काढेल, म्हणून चंद्रभानचा जीव टांगणीला लागला होता. पण आतून कसलाच आवाज आला नाही. थोड्या वेळानं सुभद्रा रिकाम्या हातांनी बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

"पाह्यला का वं देव?" तानुबाईनं हळूच विचारलं.

सुभद्रानं पदरानं डोळे पुसले. वळून खालपर्यंत गेलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"लहानसाच हाय वं, माय," ती म्हणाली. "एवढ्या पायऱ्या पाहून मले वाटे, लय मोठा असन."