बांधलेलं बिऱ्हाड

गाठ काही सुटेना. सवितानं नखं लावली, दात लावले, उलथन्याचं टोक खुपसून पाहिलं. नऊ वर्षं तिचं या गाठीशी वैर होतं आणि आज एकदाचा निकाल लावायचाच, असं ठरवून ती फतकल मारून बसली होती.

बोचकं सासूचं. अनसाबाईचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला, आज इथं तळ, उद्या तिथं. चौऱ्याण्णव साली मेंढरं विकली, लेक मल्हार कुरकुंभला कंपनीत लागला, वस्तीवर सिमेंटचं घर उभं राहिलं. पण जेवणं झाली की म्हातारी रोज तवा, परात, पातेली, पीठ, तिखटमीठ, सगळं लुगड्याच्या धडप्यात बांधून मोकळी. भांड्यात भांडं, मधे चिंधी, म्हणजे वाजायला नको. काडीपेटी पिठाच्या पोटात, म्हणजे सादळायला नको. मटकी ओल्या फडक्यात बांधून वर अडकवलेली, म्हणजे वाटेनं चालता चालता मोड यावेत. आता कुठं चालायचं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

सवितानं हौसेनं स्टीलची मांडणी आणली होती. ती भिंतीवर रिकामी आणि भांडी कोपऱ्यात बोचक्यात. शेजारचे हौसराव बागायतदार, बोलायला मोकळे. चार माणसांत म्हणायचे, "मेंढरं गेली, पण म्हातारीचं बिऱ्हाड आजून काय उतरंना." लोक हसायचे आणि सविताला कुठं तोंड लपवू असं व्हायचं. त्यात उद्या तळेगाव ढमढेऱ्याहून तिच्या माहेरची माणसं मुक्कामाला येणार होती.

"आत्या, आज भांडी मांडणीवर लागली पायजेत," ती म्हणाली. "न्हाईतर मांडणी घिऊन मी माह्यारी जाते."

"लावू की," अनसाबाई म्हणाली. "घाई काय हाय?"

नऊ वर्षं हेच उत्तर होतं. सविता पुढं बोलणार, तोच पोलिसांची जीप भोंगा वाजवत वस्तीत शिरली. सोलापूर रस्त्यावर कसल्याशा रसायनाचा टँकर उलटला होता. चूल, गॅस पेटवू नका, असाल तसे निघा, वरच्या माळावर चला. सविता कुलूप शोधायला धावली. ते सापडेपर्यंत अनसाबाई बोचकं डोक्यावर घेऊन, मटकीचं फडकं खांद्याला लावून, अंगणाबाहेर पडलीसुद्धा.

माळावर चाळीसेक माणसं जमली. कुणी बँकेचं पासबुक आणलं होतं, कुणी टीव्हीचा रिमोट. रंगुबाईनं तर घाईत नुसतं लाटणंच उचललं होतं. खायचं म्हणून कुणाकडं काही नव्हतं. पाणी होतं ते दोन हंडे, प्यायलाच पुरेल एवढं. हौसरावांकडं तेवढी दुधाची किटली होती, डेअरीला निघालेली. दुपार टळली, उन्हानं डोकी तापली, लेकरांनी रडून माळ डोक्यावर घेतला. पोलीस म्हणाले, संध्याकाळपर्यंत हलायचं नाही.

"हितं जाळ केला तर चालंल का?" अनसाबाईनं त्यांना विचारलं.

"हितं काय भ्या न्हाई, आजी. पेटवा."

म्हातारीनं गाठीचं एक टोक बोटावर घेतलं आणि ओढलं. गाठ सुटली. सविता बघतच राहिली. तीन दगड लागले, शेणकुटं गोळा झाली, पिठातली काडीपेटी बाहेर आली. रस्त्याच्या कामावरचं एक घमेलं तिथं पडलं होतं. अनसाबाईनं ते मातीनं घासलं, जाळावर पालथं घातलं आणि तीन भाकरी एकदम भाजतील एवढा तवा तयार झाला.

"हौसराव, किटली आना इकडं."

"दूध? पिठात?"

"पानी प्यायला ठिवा. दुधात मळली की भाकर चांगली दोन दिस मऊ ऱ्हाती."

रंगुबाईच्या लाटण्यानं सवितानं मिरच्या आणि मीठ रगडलं. मटकीला मोड आलेलेच होते, ती पातेल्यात रटरटू लागली. अर्धी अर्धी भाकरी, वर चमचाभर उसळ, आधी लेकरांना, मग थोरांना. हौसरावांनी तळहातावरची भाकरी दोन घासांत संपवली आणि खाली बघत विचारलं, "आजून अर्धी मिळंल का, मामी?"

आजवर ते तिला म्हातारी म्हणत आले होते. सवितानं त्यांना मुद्दाम अख्खी वाढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खावा पोटभर. आमच्या आत्याचं बिऱ्हाड हाय."

दिवस मावळायला परतायची परवानगी आली. अनसाबाईनं भांडी मातीनं घासून पुन्हा बांधली. बोचकं उचलायला ती वाकली, तर हौसरावांनी ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि सविताच्या दारात आणून उतरवलं.

घरात पाऊल टाकताच सविता म्हणाली, "आत्या, ऱ्हाऊ द्या बोचकं हाय तसं. माझंच चुकलं. पावणे काय म्हनायचं ते म्हनू द्यात."

अनसाबाई चुलीपाशी गेली. सकाळची राख तशीच होती. तिनं त्या राखेवर हात ठेवून पाहिला. मग बोचक्याची गाठ ओढली, तवा काढला, पदरानं पुसला आणि सविताच्या मांडणीवर ठेवला. त्याशेजारी परात, मग पातेली. धडप्याची घडी करून तिनं सुनेच्या हातात दिली.

"बिऱ्हाड उचललं की ती चूल संपली, आसंच चाललं जलमभर," ती म्हणाली. "आज पैल्यांदा उचललेलं बिऱ्हाड त्याच चुलीपाशी माघारी आलं, पोरी. आता ह्ये घर झालं."