एकच गाल

अध्यक्षसाहेबांचा डावा गाल गुळगुळीत झाला होता, उजव्यावर फेस तसाच होता. तेवढ्यात त्यांनी टॉवेलखालून हात काढून सिगारेट पेटवली.

न्हाव्याचा वस्तरा थांबला. "साहेब, विझवा."

आरशाच्या वर पाटी होती: 'धूम्रपानमुक्त गाव'. गावसभेचा ठराव आणि खाली अध्यक्षांचीच सही. पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकली होती. आज त्याच पराक्रमाचं बक्षीस घ्यायला ते शहरात निघाले होते आणि गाडी दारात उभी होती.

"अरे, पाटी लोकांसाठी," अध्यक्ष हसले. "आपल्यात कसली पाटी? चल, उरक लवकर."

बाकावर म्हातारा सुतार बसला होता. त्याला खोकल्याची उबळ आली, तसा तो छाती धरून भिंतीकडे वळला. अध्यक्षांपुढे बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

न्हाव्याने वस्तरा मिटला. "दिवसभर लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन काम करतो मी. तुमचा धूर आधी माझ्या छातीत जातो. विझवा, मग दुसरा गाल."

"हा गाळा गावसभेचा आहे. विसरलास?"

"नाही विसरलो."

"उद्या तुझं सामान रस्त्यावर दिसेल."

न्हाव्याचं घर चालत होतं ते या एका खुर्चीवर. पण राग त्याहून मोठा होता.

"उद्या कशाला? आजच उचलतो. पण मी आहे तोवर इथे सिगारेट ओढायची नाही."

बाहेर हॉर्न वाजला. अध्यक्ष ताडकन उठले, टॉवेलने फेस पुसला आणि एका गालावरचे पांढरे खुंट तसेच घेऊन, धूर सोडत गाडीत जाऊन बसले. बक्षीस घ्यायला.

न्हाव्याने खिडकी उघडली. मग स्टुलावर चढून तो आरशाचे स्क्रू काढायला लागला. एकही स्क्रू धड फिरेना.

मागे खुर्ची करकरली. सुतार येऊन बसला होता. त्याने टॉवेल आपणच गळ्याभोवती गुंडाळून घेतला.

"खाली उतर. तो आरसा मी बसवलाय, बघू कोण काढतो ते," म्हातारा म्हणाला आणि त्याने हनुवटी वर केली. "चल, माझे दोन्ही गाल कर."