ताबा मंजूर

कारकूनबाई जिना उतरून धावतच आवारात आल्या. सुधारगृहाची गाडी सुरू झाली होती. मागच्या जाळीला धरून एक मुलगी रडत होती आणि तिची आई बाहेरून पत्र्यावर बुक्क्या मारत होती. दोन महिने खात्याकडे असलेली लेक आज तिला परत मिळणार होती. तसा कागद बाईंनीच तासाभरापूर्वी खाली पाठवला होता.

बाई सरळ गाडीपुढे उभ्या राहिल्या. जमादार कागद घेऊन उतरले. त्यावर बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ताबा मंजूर'.

कालपर्यंत खाती दोन होती. वर बालकल्याण, तळमजल्यावर बालगुन्हे. आज सकाळी दोघांचा एकच संसार झाला. साहेबांचं भाषण झालं, नवी पाटी लागली आणि दोन अर्जांच्या जागी एकच अर्ज आला. किती सुटसुटीत, म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. बाईंनी तर जरा जास्तच.

"अहो, ताबा मंजूर म्हणजे मूल घरच्यांच्या ताब्यात द्यायचं," बाई कडाडल्या. "आणि तुम्ही तिला कोंडायला निघालात? काळीज आहे की नाही तुम्हाला?"

जमादार ओशाळले. ताबा म्हणजे मूल खात्यानं ठेवून घ्यायचं, असंच त्यांच्याकडे वीस वर्षं चालत आलं होतं. त्यांनी स्वतः जाळी उघडली. मुलगी आईला अशी बिलगली की बाईंचा जीव भांड्यात पडला. पहिल्याच दिवशी आपल्या हातून दोन मुली घरी गेल्या, याचं त्यांना फार बरं वाटलं. सकाळची ती मात्र भलतीच हट्टी. वडील न्यायला आलेले, कागद तयार, तरी टेबलाचा पाय सोडेना. शेवटी बाईंनीच तिचं एकेक बोट सोडवलं होतं आणि हात वडिलांच्या हातात दिला होता.

मायलेकी फाटकाबाहेर गेल्या. जमादार तिथंच घुटमळत राहिले.

"चुकलंच माझं, बाई," ते म्हणाले. "लहान मुली आता वरच ठेवायच्या, म्हणून सकाळी मीपण एक कागद वर पाठवला होता. बापाचं डोकं फोडून पळालेली पोर. सापडली तर तो तिला जिवंत सोडणार नाही. मीही त्यावर 'ताबा मंजूर'च लिहिलंय. तिला कुठल्या खोलीत ठेवलंत?"