उलटं पुस्तक

"आठ," ताई म्हणाली.

बटणांच्या डब्याला टेकून उभ्या केलेल्या फोनमधून धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "आणि वर्गमूळ कोण काढणार?"

"राहिलंच बघ."

"असू दे. पुन्हा करू."

धाकटी तिकडे, विमानाने सात तासांवरच्या देशात, विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत आली होती. तिचे विद्यार्थी तिला तोफ म्हणायचे, हे तिनेच एकदा हसत सांगितलं होतं. एकच चूक दुसऱ्यांदा केली की वर्गातून बाहेर. ताईची हीच चूक मात्र ती दोन वर्षं गोड मानून घेत होती.

दोघींच्या मध्ये वडिलांचं कापड कापायचं टेबल होतं. म्हणजे ताईच्या बाजूला होतं. धाकटीच्या बाजूला आता फक्त काच. लहानपणी शाळेतून आल्यावर दोघी याच टेबलाशी बसायच्या. पुस्तक एकच, ताईचं. टेबलाची एक बाजू भिंतीला, दुसरीकडे वडील कात्री चालवत उभे. त्यामुळे धाकटी समोर बसायची आणि समोरूनच, उलटी अक्षरं पाहत, वाचायला शिकली. पहिलीत बाईंनी तिच्या हाती पुस्तक दिलं तेव्हा तिने ते उलटं फिरवलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. सगळा वर्ग हसला. घरी येऊन ती रडली, तेव्हा ताईने तिला मांडीवर घेऊन अक्षरं सुलटी करून दिली होती.

पुढे वडिलांचे डोळे अधू झाले. ताई नववीतून उठली आणि मशीनवर बसली. धाकटी शिकत गेली, आणि शिकता शिकता लांब गेली. फोन वर्षातून दोनदा यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मीही." एवढ्यावर फोन संपायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईने ऑनलाइन पदवीसाठी नाव घातलं. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, आता काजं इंग्रजीत करणार काय?"

"तुला आधी मराठीतली तरी ओळखता येऊ देत," ताई म्हणाली आणि काजं करता करता फोनवरची व्याख्यानं ऐकू लागली. हात सुईला, कान मास्तरांना. मशीनच्या वर भिंतीत तिने एक खिळाही ठोकून घेतला, पदवी टांगायला. तोवर त्यावर मापाची टेप लोंबत होती.

चोवीस विषयांपैकी तेवीस सुटले. राहिलं एक संख्याशास्त्र. त्यासाठी तिने भीत भीत धाकटीला विचारलं, आणि दर रविवारी चारला फोन येऊ लागला. अर्ध्या तासाची शिकवणी दोन तास चालायची. मध्येच आईच्या हातचं शिवण निघायचं, वडिलांचं ओरडणं निघायचं. धाकटीच्या मागे ओट्यावर नेहमी एकच कप पालथा घातलेला दिसायचा. ताईने त्याबद्दल कधी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर वर्गमूळ ताईला दुसऱ्याच रविवारी जमलं होतं. परीक्षेत ती कच्च्या कागदावर नीट उत्तर काढायची, आणि पडद्यावर बोट मात्र दुसऱ्याच उत्तरावर ठेवायची. पास झालं की शिकवणी संपली. शिकवणी संपली की पुन्हा वर्षातून दोन फोन. अशी ती तीनदा नापास झाली. दर निकालाला खिळ्याकडे बघून जीव तुटायचा, पण रविवारी चार वाजले की पुन्हा भरून यायचा.

आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं. चौथी संधी शेवटची. नाहीतर नोंदणी रद्द, तेवीसही विषय वाया. परीक्षा मंगळवारी होती. आजचा फोन लागताच ताईने ते पत्र धाकटीला वाचून दाखवलं होतं.

"पुन्हा कर," धाकटी म्हणाली. "चार, सहा, आठ, दहा, बारा. प्रमाण विचलन काढ."

ताईने फोनपुढे टेबलावर पसरलेल्या वहीत मान घातली. पेन्सिल थोडा वेळ चालली, थांबली. तिने खिळ्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"आठच येतंय गं," ती हळूच म्हणाली.

धाकटी तिकडे काचेच्या अगदी जवळ झुकली.

"ताई, वहीत खाली दोन रेघा मारून काय लिहिलंयस?"

"कुठं काय?"

"दोन पूर्णांक त्र्याऐंशी. बरोबर आहे ते."

ताईने चटकन वहीवर तळहात ठेवला. लहानपणी धाकटीला चिडवायला ठेवायची, तसाच.

"आता झाकून काय उपयोग?" धाकटी म्हणाली. "तुझ्यासमोर बसूनच शिकले ना मी उलटं वाचायला?"

ताईचा हात वहीवरच राहिला. चष्म्याची काच धुरकट झाली होती, पण ती पुसायला तिने हात उचलला नाही.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"पहिल्यांदा नापास झालीस, त्याच्या आधीपासून."

"दोन वर्षं?" ताई म्हणाली. "मग बोलली का नाहीस, बये?"

धाकटीने मागे वळून ओट्यावरचा तो एक कप उगाच सरळ केला, पुन्हा पालथा घातला.

"बोलले असते तर तू पास झाली असतीस."